बेडूक मोजायचे कुणी?

वेल्ह्याच्या किंवा भोरच्या खोऱ्यांत मृगाचा पहिला दणका बसला की रात्री ओढ्याकाठानं बॅटऱ्या हलू लागतात. ही माणसं खेकड्यांना निघालेली असतात. ओढ्याला लाल पाणी आलं की चढणीचे मासे, पाणी जरा निवळलं की खेकडे, असा क्रम ठरलेला. पुढच्याच्या हातात बॅटरी, मागच्याच्या हातात पिशवी. उजेड पाण्यावर आडवा मारायचा, दगड चाचपल्याशिवाय त्यावर भार टाकायचा नाही, बोलायचं कमी आणि डोळे सतत पायापासून हातभर पुढं. जगभर उभयचर प्राण्यांची पाहणी ज्या पद्धतीनं होते, ती शिकवणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं आहेत. रात्री ओढ्यात चालायचं कसं, याबाबत त्यांत याहून वेगळं फारसं सांगितलेलं नाही. खेकडेवाल्याला बेडूक दिसला तर तो ओलांडून पुढं जातो आणि पाहणीवाला थांबून वहीत लिहितो, एवढाच काय तो फरक.

त्या लिहिण्यात मात्र सगळं आलं. अलीकडं पावसाळा लागला की पुण्याहून शनिवार-रविवारी 'फ्रॉग वॉक' निघतात, उभयचर ओळखीची शिबिरं भरतात, हौशी मंडळी कॅमेरे आणि रेनकोट घेऊन ताम्हिणीकडं, माढे घाटाकडं धावतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. बेडकाकडं प्रेमानं बघणारी माणसं आपल्याकडं आधीच कमी. पण या शिबिरांतून फोटो येतात, प्रमाणपत्रं येतात आणि नोंदी फार थोड्या येतात. आल्या तरी एका रात्रीच्या, एका जागेच्या, पुढच्या वर्षी पुन्हा कुणी न गेलेल्या. अशा नोंदीतून अमुक बेडूक अमुक गावी आहे हे कळतं, पण तो वाढतोय की घटतोय हे कळत नाही. संवर्धनाला नेमकं तेच हवं असतं.

हे किती महाग पडू शकतं त्याचं उदाहरण कोस्टारिकाचं आहे. तिथल्या मॉन्टेव्हर्डेच्या ढगाळ जंगलात नारिंगी रंगाचा एक भेक होता. १९६६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. जगाच्या पाठीवर तो त्या एकाच डोंगररांगेत. १९८७ च्या उन्हाळ्यात मार्था क्रंप या संशोधिकेनं त्याच्या विणीच्या डबक्यांवर दीड हजाराहून जास्त भेक मोजले. पुढच्या वर्षी दिसले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८९ साली एक नर दिसला आणि त्यानंतर कुणालाच काही दिसलं नाही. याच मार्था क्रंप पुढं १९९४ साली निघालेल्या उभयचर-मोजणीच्या प्रमाण पुस्तकात 'दृश्य भेट पाहणी'वरच्या प्रकरणाच्या सहलेखिका झाल्या. ठरलेल्या जागेत, ठरलेला वेळ, ठरलेल्या माणसांनी शोधायचं आणि दिसेल ते लिहायचं, अशी ती पद्धत. आज कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी हीच शिकवतात. तो भेक संपला हे जगाला कळलं, कारण १९८७ चा आकडा कुणीतरी लिहून ठेवला होता. तो नसता तर एक जात गुपचूप गेली असती आणि पंधरा-वीस वर्षांनी 'इथं पूर्वी असायचे बुवा' एवढंच उरलं असतं.

'पूर्वी असायचे' हे वाक्य भोर-वेल्ह्यातही कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. त्याला खोटं ठरवायला आपल्याकडं काही नाही आणि खरं ठरवायलाही काही नाही.

पुणे जिल्हा या बाबतीत अगदीच कंगाल आहे असं मात्र नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी १९१९ साली मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांतल्या बेडकांवर लिहिलं. आज आपल्या भातखाचरात सर्रास दिसणाऱ्या छोट्या बेडकाचं 'सह्याद्रेन्सिस' हे नाव तेव्हापासूनचं. पुढं पुण्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी हे काम नेटानं धरलं. आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचे आनंद पाध्ये आणि मॉडर्न महाविद्यालयाचे हेमंत घाटे ही त्यातली ठळक नावं. पुणे जिल्ह्यातल्या आणि विशेषतः शहराभोवतीच्या उभयचरांचा आढावा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. २००५ मध्ये नीलेश डहाणूकर आणि पाध्ये यांनी ताम्हिणीतल्या उभयचरांवर 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहिला. ताम्हिणी म्हणजे मुळशी तालुका, वेल्ह्याच्या उत्तरेला लागूनच. २०१३ साली झुडपांवर राहणाऱ्या एका नव्या बेडकाला घाट्यांचं नाव मिळालं, 'रावोर्चेस्टिस घाटेई'. २०१५ साली याच वर्तुळातल्या मंडळींनी 'हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा' हा बेडूक वेगळा काढला. त्याच्या कातडीतल्या एका द्रव्यानं इन्फ्लुएन्झाचे काही विषाणू मरतात, असं दोनच वर्षांत केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. नाव मिळालं नसतं तर ते द्रव्य नेमकं कुणाचं, हे सांगायचीही पंचाईत होती.

म्हणजे ओळख पटवण्याचं काम झालं आहे आणि होतंही आहे. मोजणीचं काम मागं आहे. ते प्राध्यापकांनीच करावं असं म्हणणं अन्यायाचं. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, परीक्षा, प्रवेश, नॅकची कागदपत्रं असतात, आणि बेडकांचा मोठा मेळा भरतो तो पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन रात्रींत. त्या रात्री कोणत्या, हे पुण्यात बसून कळत नाही. केळदला किंवा हिरडस मावळातल्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्याला ते उशाशी कळतं.

बुलफ्रॉगचंच घ्या. एरवी मातकट, हिरवट दिसणारा हा थोराड बेडूक पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळाजर्द होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात, आणि डबक्यात नरांची अशी हाणामारी चालते की रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. हा सोहळा एक-दोन दिवसांचा. तुम्ही तिसऱ्या दिवशी पोचलात तर पाण्यावर अंड्यांचा थर दिसेल आणि वाटेल, बुलफ्रॉग संपले. मोजणीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, आणि ती शंका फेडायला एकाच जागी एका हंगामात पुन्हापुन्हा जावं लागतं. संख्याशास्त्रज्ञांनी त्यासाठी सूत्रं बसवली आहेत, पण सूत्राच्या पोटात घालायला फेऱ्या हव्यात आणि फेऱ्या मारायला माणूस जवळचा हवा.

मग त्याला शिकवायचं काय? माझ्या मते शिकवण्यासारखं नेमकं आणि थोडं आहे.

पहिलं, कान. रात्रीच्या मोजणीत डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बेडूक सापडतात. अमेरिकेत स्वयंसेवकांसाठी शून्य ते तीन असा साधा मापदंड बनवला गेला. काहीच ऐकू आलं नाही तर शून्य. आवाज सुटे सुटे, एकेक मोजता येण्यासारखे असतील तर एक. एकमेकांत मिसळले पण वेगळे काढता आले तर दोन. सगळा कल्ला एकजीव झाला, मोजणं अशक्य, तर तीन. हे दहावी झालेल्या पोराला पाच मिनिटांत कळतं, आणि शाळेत न गेलेल्या आजींनाही. कुठला आवाज कुणाचा हे लावायला मात्र रात्री लागतात. बुलफ्रॉगचा डराव डराव सगळ्यांना ठाऊक. करवंदीच्या जाळीतून येणारी बारीक, कोरडी टिकटिक किड्याची समजून सोडून दिली जाते, ती झुडपी बेडकाची असते. आकार अंगठ्याच्या पेराएवढा, आवाज मात्र पन्नास पावलांवर. याला पाणी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. अंड्यातून टॅडपोल न येता थेट पायवाला छोटा बेडूक बाहेर पडतो. डबकं शोधत बसणाऱ्या पाहणीवाल्याला तो कधी भेटणार नाही. जाळी तोडली, बांधावरचं झुडूप जाळलं, की त्याचं घर गेलं.

दुसरं, ठराविकपणा. ओढ्याचा शंभर मीटरचा तुकडा, दोन टोकांना रंगाची खूण, अंधार पडल्यावर ठरलेल्या वेळी दोन माणसं, अर्धा तास. हवेचं तापमान, पाऊस चालू की थांबलेला, चांदणं किती. दिसलेले, ऐकलेले आणि मेलेले वेगळे लिहायचे. यात कंटाळवाणं सगळं आहे आणि ते तसंच असायला हवं. फोटोसाठी बेडूक मोक्याच्या फांदीवर नेऊन बसवणाऱ्यांना हे मानवत नाही. त्यांनी ते न केलेलंच बरं.

तिसरं, 'माहीत नाही' लिहिण्याचं धैर्य. खाचरातले ते छोटे बेडूक, 'मिनर्वारिया' गटातले, एकमेकांसारखे इतके की तज्ज्ञसुद्धा पुष्कळदा डीएनए पाहिल्याशिवाय शब्द टाकत नाहीत. नवशिक्या मात्र मोबाइलमधलं ॲप सुचवेल ते नाव ठोकून मोकळा होतो. वहीत 'मिनर्वारिया, जात कळली नाही, सतरा' ही नोंद चुकीच्या सतरा नावांपेक्षा लाखमोलाची. बोटांच्या टोकाला चकत्या आहेत का, मागच्या बोटांना पडदा कुठवर, डोळ्यामागं भेकासारखी विषग्रंथी आहे का, कानाचा पडदा दिसतो का, एवढं पाहून गटापर्यंत पोचता येतं. गटापर्यंतच पोचावं.

चौथं, हात आणि बूट. बेडूक कातडीनं पाणी घेतो, श्वासही काही अंशी कातडीनंच घेतो. डास पळवण्याचं मलम चोपडलेल्या हातानं त्याला उचलणं म्हणजे ते मलम त्याला पाजणं. बहुतेक वेळा उचलायची गरजच नसते, आणि नुसतं शिबिर केल्यानं वन्यप्राणी हाताळायची परवानगी मिळत नाही, ती वनखात्याकडून रीतसर घ्यावी लागते. बुटांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी एक बुरशी ओळखली, कायट्रिड. ती उभयचरांच्या कातडीत वाढते, क्षारांचा तोल बिघडवते आणि हृदय बंद पाडते. मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तिनं डोंगरच्या डोंगर रिकामे केले. ती ओल्या चिखलातून पसरू शकते, म्हणजे ताम्हिणीत मळलेले बूट तसेच घालून दुसऱ्या दिवशी माढे घाटात उतरणारा हौशी माणूस तिचा वाहक होऊ शकतो. डहाणूकर, पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ही बुरशी सापडली. तो वाण आशियातलाच होता. मध्य अमेरिकेसारखे मृत्यूंचे ढीग इथं दिसले नाहीत. २०१८ साली या बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या आसपास असल्याचं जनुकीय अभ्यासातून पुढं आलं, तेव्हा त्याचा थोडा उलगडा झाला. आपल्याकडच्या बेडकांनी तिच्याशी जुनं जमवून घेतलं असावं. पण बाहेरचा जहाल वाण इथं आला तर काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून ब्रश, ब्लीचिंगचं पाणी, आणि बूट कडक वाळवणं. शिबिरात हा भाग पाच मिनिटांत उरकतात, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

भोर आणि वेल्हे (आता सरकारी कागदावर राजगड तालुका) या कामाला इतके सोयीचे का, याचं कारण भूगोलात आहे. घाटमाथ्यावर, केळद-माढे घाटाच्या किंवा वरंधा घाटाच्या टोकाला, पाऊस अक्षरशः कोसळतो. तिथून पूर्वेला नसरापूर, कापूरहोळच्या हमरस्त्यापर्यंत यावं तर काही कोसांत पाऊस कितीतरी पटींनी उतरतो. माथ्यावर ओले कातळ, त्यांवर चिकटून राहणारे 'इंडिराना' बेडकांचे टॅडपोल, जंगलातले झरे आणि मऊ मातीत पुरलेली देवगांडुळं. ही दिसतात गांडुळासारखी, पण उभयचर आहेत, कणा असलेली आणि दात असलेली. फावड्याखाली आली की साप म्हणून मारली जातात. मधल्या पट्ट्यात इंद्रायणी भाताची खाचरं. पूर्वेला कोरडी माळरानं, जिथं वर्षातले कितीतरी महिने जमिनीखाली काढणारे बिळकरी बेडूक. एका जीपच्या फेरीत तीन दुनिया. प्रत्येकीत चार-पाच जागा धरल्या आणि दहा वर्षं मोजल्या, तर पाऊस सरकतोय, लांबतोय, तुटक होतोय याचा बेडकांवर काय परिणाम होतो ते इथं जितकं स्वच्छ दिसेल तितकं क्वचित कुठं दिसेल. २०२३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात आठ हजारांवर जाती तपासल्या होत्या. त्यातल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात निघाल्या, आणि २००४ नंतरच्या घसरणीत हवामानबदलाचा हात मोठा आहे असं त्यात नोंदलं आहे. तो आढावा जगाचा आहे, वेल्ह्यातल्या कानद खोऱ्याचं काय हे तिथं शोधून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट या मुलखात घडली आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, इतकी धरणं शेजारीशेजारी. वाहत्या, थंड, खळाळत्या ओढ्याचा बेडूक वेगळा आणि साचल्या पाण्याचा वेगळा. दरीत धरणाचं पाणी भरलं की पहिल्याचं घर बुडतं, दुसऱ्याला मोकळं रान मिळतं. एकूण बेडूक मोजले तर कदाचित वाढलेलेच भरतील. म्हणूनच नुसती गणती पुरत नाही, कोण गेलं आणि कोण आलं हे लिहावं लागतं.

वाहत्या पाण्याच्या बेडकांत काय काय दडलंय, याची झलक २०१६ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळी गावानं दाखवली. उत्तर सह्याद्रीतला 'बॉम्बे नाइट फ्रॉग' ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो. सत्यभामा दास बिजू यांच्या चमूनं रात्र-रात्र बसून पाहिलं, तेव्हा कळलं की याचा नर मादीला मिठी मारतच नाही. तो तिच्यावर स्वार होऊन हात पानावर टेकवतो. बेडकांत मिलनाच्या सहा तऱ्हा माहीत होत्या, ही सातवी निघाली. माद्याही आवाज काढतात हेही तिथंच नोंदलं गेलं. हे सगळं कुठल्या अगम्य जंगलात घडलं नाही, कोयनेच्या रस्त्याकडेला घडलं. जे तिथं बसले त्यांना दिसलं.

संवर्धन म्हणजे इथं कुंपण घालून अभयारण्य करणं असा अर्थ घेतला तर गाडी पहिल्याच चढावर अडेल. खाचर शेतकऱ्याचं, बांध शेतकऱ्याचा, देवराई गावाची, ओढा म्हटला तर सगळ्यांचा आणि म्हटला तर कुणाचाच नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांवर लिहिताना पाण्याचे उगम त्यांत कसे राखले गेले आहेत याकडं लक्ष वेधलं होतं. त्या उगमाशी आज काय चाललंय ते बघायला एप्रिल-मे महिन्यात फिरावं. पावसाळी बेडूक बघायला येणारे तेव्हा येत नाहीत. डोंगर-उतारावर प्लॉट पडतात, जेसीबी आठवड्याभरात उतार सपाट करतो, झरा मुरुमाखाली जातो, फार्महाऊसला तारेचं कुंपण होतं. जूनमध्ये हौशी मंडळी येतात तेव्हा त्या जागी गवत हिरवंगार असतं आणि काही बिघडलंय असं वाटत नाही. पाहणीच्या वहीत उन्हाळ्यातली एक फेरी सक्तीची हवी असं माझं ठाम मत आहे. बेडूक एकही दिसणार नाही, पण जागा आहे की नाही ते दिसेल.

वही म्हटल्यावर लोक जैवविविधता नोंदवहीची आठवण होतेच. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती नेमायला आणि अशी नोंदवही करायला सांगितलं. कल्पना उत्तम होती. वर्षानुवर्षं हललं काहीच नाही, आणि मग राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाची धमकी दिल्यावर देशभर धावपळ उडाली. घाईत भरलेल्या वहीचं जे होतं तेच झालं. उभयचरांच्या रकान्यात नुसतं 'बेडूक' एवढं लिहिलं की कायद्याचं समाधान होतं. पण ती वही आहे, तिला कायद्याचा आधार आहे, आणि एखाद्या ओढ्यावर बांधकामाचा प्रस्ताव आला तर ती पुढं ठेवता येते. शिबिरातून तयार झालेल्या माणसाची दरवर्षीची मोजणी याच वहीत मराठीत चढावी. शास्त्रीय नाव पुढं कुणीतरी जोडेल. फोटो आणि आवाजाची मोबाइलवरची नोंद सोबत ठेवली की झालं.

शेतकरी यातून काय कमावणार, असा प्रश्न येतो आणि त्यावर 'बेडूक किडे खातो' हे ठरलेलं उत्तर दिलं जातं. ते खरं आहे. मध्य अमेरिकेत कायट्रिडनं बेडूक मेल्यावर कोस्टारिका आणि पनामात मलेरिया वाढला, दर हजार माणसांमागं वर्षाला साधारण एक जादा रुग्ण, आणि हे आठ वर्षं चाललं, असा २०२२ चा अभ्यास आहे. पण हे सांगून वेल्ह्यातला माणूस रात्री ओढ्यावर जाईल अशी आशा कुणी करू नये. बेडकांचा हंगाम आणि आवणीचा हंगाम एकच आहे. दिवसभर कमरेत वाकून गुडघाभर चिखलात रोपं लावलेल्या बाईला किंवा बाप्याला रात्री नऊ वाजता 'विज्ञानासाठी' फुकट चला म्हणणं निर्लज्जपणाचं आहे. शिबिराला आलेल्या पुण्याच्या पाहुण्याकडून शुल्क घेतात, चहा-नाश्ता आणि मार्गदर्शकाचं मानधन धरतात. गावातल्या वाटाड्याच्या हातावर मात्र काहीतरी टेकवतात.

हिशेब अवघड नाही. एका हंगामात एका जागेच्या सात-आठ फेऱ्या, प्रत्येकीला दोन माणसं, आणि दर फेरीला निदान आवणीच्या दिवसाइतकी मजुरी. एक उन्हाळी फेरी वेगळी. दोन हेडटॉर्च, दोन जोड गमबूट, थर्मामीटर, वही आणि ब्लीचिंग पावडर. दवाखान्याच्या गाडीची सोय आधी बोलून ठेवलेली हवी, कारण त्याच ओढ्याकाठी फुरसं असतं आणि घोणसही. हा खर्च एखाद्या संस्थेच्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून निघेलही, पण तीन वर्षांनी प्रकल्प संपतो आणि बेडकांची खरी कहाणी तेव्हा कुठं सुरू होते. म्हणून पैसा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता निधीत पडावा, वही शाळेत किंवा पंचायतीत राहावी, एक प्रत पुण्याच्या कॉलेजात जावी, आणि दर दिवाळीनंतर कॉलेजातल्या माणसानं गावात येऊन यंदा काय निघालं ते मोजणाऱ्यांसमोर वाचून दाखवावं. आवणी तेव्हा संपलेली असते, भात कापून खळ्यावर आलेलं असतं, लोकांना बसायला वेळ असतो.